आईच्या डोळ्यांदेखत

नाशिक,
१२ जानेवारी १९७७

प्रिय यशोदाताई,
सप्रेम जयभीम.

बंद पाकीट बघून घाबरू नकोस. घरात कोणी गेलेलं नाही, कोणी अंथरुणावर नाही. आंतरदेशीय पत्र आमच्या कॉलनीत पोस्टमनपासून वाण्यापर्यंत सगळे उजेडाकडे धरून वाचतात, आणि मला लिहायचंय ते वाण्याने वाचण्यासारखं नाही.

ऑक्टोबरात तू आलीस तेव्हा न्हाणीत माझी पाठ चोळताना खांद्यांवरच्या खाचांवरून बोट फिरवलंस. मग म्हणालीस, "नवसे, याला ऑपरेशन असतं." मी हसण्यावारी नेलं. आता हसू येत नाही. अख्ख्या कॉलनीची ब्लाउजं मी शिवते, पण वहीत माझं स्वतःचं माप मी आजवर लिहिलेलं नाही. बॉडीला दुहेरी कॅनव्हास लावते, पट्ट्या दोन-दोन बोटं रुंद करते, तरी त्या खांद्यात रुततातच. मानेतून कळ निघते ती डोक्यात जाते. पायमशीनवर तासभर बसलं की उजव्या हाताची बोटं बधिर होतात. उन्हाळ्यात छातीखाली घामोळं फुटतं, सोलवटतं, पावडरीचे डबे रिकामे होतात. बाजारात जाताना दोन्ही खांद्यांवरून पदर घेते, तरी पोरं बोलायचं ते बोलतातच. चौतिसाव्या वर्षी मी साठीच्या बाईसारखी वाकून चालते, ताई.

इथले डॉक्टर म्हणाले, वजन कमी करा. तीन महिने एक वेळ जेवले. गालफडं बसली, बाकी सगळं जिथल्या तिथे.

तर मला सांग, त्या ऑपरेशनात काय काय करतात. पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत, काही न वगळता. कळलं तर भीती कमी होईल असं वाटतं.

विशाखा मेमध्ये सतरा पुरी करेल. तुमच्या नर्सिंगच्या शाळेचा फॉर्म कधी निघतो हे रोज विचारते. काल माझा पांढरा रुमाल डोक्याला बांधून आरशासमोर उभी होती. तिच्याकडे बघितलं की माझी पाठसुद्धा विसरायला होतं.

तुझी,
नवसा

मुंबई,
२५ जानेवारी १९७७

प्रिय नवसे,
सप्रेम जयभीम.

आमच्याकडच्या प्लास्टिक सर्जरीच्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, आणा. प्लास्टिक म्हटलं की लोकांना बादल्या आठवतात. इथे काही घालत नाहीत, काढतात.

आल्यावर तीन-चार दिवस तपासण्या. रक्त, लघवी, छातीचा एक्स-रे. अंगात रक्त कमी असेल तर गोळ्या देऊन परत पाठवतात, म्हणून आतापासून मेथी आणि खजूर खा. मग फोटो काढतात, गळ्यापासून कमरेपर्यंत, पुढून आणि बाजूने. चेहरा येत नाही. फोटो काढणारा पुरुष असतो. मी शेजारी उभी राहीन, तू माझ्याकडे बघ. रडू नकोस, कारण तू एकदा रडायला लागलीस की चार दिवस थांबत नाहीस.

ऑपरेशनच्या सकाळी डॉक्टर तुला सरळ बसवून टेपने मापं घेतात, गळ्याच्या हाडापासून, तू घेतेस तशीच, आणि शाईने रेघा मारतात. त्या रेघांवरून कापतात. तुझ्या धंद्यातलं सांगायचं तर खालचं जादा कापड काढायचं, दोन्ही बाजू जवळ ओढायच्या आणि मधे टक्स घालायचा. बोंडशी वर सरकवून नव्या जागी बसवतात. भूल पूर्ण असते, तीन-चार तास लागतात.

जाग येईल तेव्हा छातीवर कोणी बसल्यासारखं वाटेल. ती पट्टी असते. दोन्ही बाजूंना नळ्या, त्यांना बाटल्या, बाटल्यांत लाल पाणी. ते बाहेर यायलाच हवं, बघून घाबरायचं नाही. उलट्या होतील. हात वर होणार नाहीत, वेणीसुद्धा दुसऱ्याने घालायची. टाके दहा ते चौदा दिवसांनी. कुणाची जखम भरायला वेळ लागतो, कुणाची कड काळी पडते. सगळ्यांचं होत नाही, पण होतं. व्रण जन्मभर राहतात, खाली आडवा आणि मधोमध उभा, आधी लाल, मग फिकट. तिथलं स्पर्शाचं कळणं कमी होतं, काहींचं जातंच. पुढे मूल झालं तर अंगावर पाजता येईलच असं नाही. तुम्ही दोघांवर थांबला आहात म्हणून त्यावर जास्त लिहीत नाही. दीड-दोन महिने मशीन बंद, कळशी बंद.

आता मिळतं काय तेही ऐक. गेल्या वर्षी वॉर्डात एक कोळीण होती. पट्टी सुटल्यावर उठून उभी राहिली आणि मला म्हणाली, "सिस्टर, मी उंच झाले का वो?"

एक गोष्ट. कागदावर नवऱ्याची सही लागते. त्याशिवाय आमचे डॉक्टर हात लावत नाहीत. तेवढं धोंडीरामांशी बोलून ठेव.

विशूला सांग, फॉर्म जूनमध्ये. दहावी पास, सतरा पुरी, अविवाहित, एवढं बघतात. मी कपाटात तिच्यासाठी एक कप्पा आत्ताच रिकामा केला आहे.

तुझी,
यशोदाताई

नाशिक,
९ फेब्रुवारी १९७७

प्रिय ताई,
सप्रेम जयभीम.

तुझं पत्र चारदा वाचलं. फोटोच्या जागी प्रत्येक वेळी घाम फुटला, आणि कोळिणीच्या जागी प्रत्येक वेळी उठून उभी राहिले.

पण सही नाही.

ह्यांच्या नळखात्यात सध्या प्रत्येक कारकुनाला कुटुंबनियोजनाच्या केसेस आणायला सांगितलंय. ऑपरेशन शब्द काढला की गल्लीत लोक दारं लावून घेतात. मी तोच शब्द काढला तर हे दचकले, "आता घरातूनही केस?" मग मी खरं काय ते सांगितलं. ताई, अठरा वर्षांचा संसार, दोन मुलं, आणि ह्यांचे कान लाल झाले. म्हणाले, "दुखत असेल तर बाम लाव, मी चोळून देतो. पण धडधाकट अंग परक्या पुरुषाकडून कापून घ्यायचं आणि मी त्याच्यावर सही करायची? टेबलावर काही झालं तर मुलांना काय सांगू?"

सासूबाई दारातच होत्या. "आमाला काय कमी व्हती का? आमी काय कापून फेकली का? भरल्या अंगाची बाई घराला शोभती. लय शिकल्यासारखं करू नको."

त्या रात्रीपासून हे रोज माझ्या मानेला बाम चोळतात. मुकाट्याने, न चुकता. हे वाईट असते तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं. बाम चोळणाऱ्या माणसाशी भांडायचं कसं ते तू सांग.

तुझी,
नवसा

नाशिक,
२७ फेब्रुवारी १९७७

प्रिय ताई,

तुझ्या उत्तराची वाट न बघता लिहिते. माझ्या हातून एक गोष्ट झाली आहे.

काल मशीनची सुई बोटातून आरपार गेली आणि मला कळलंच नाही. बोट बधिर होतं. कापडावर रक्त पसरलं तेव्हा कळलं. हे घरीच होते, चिंधी बांधायला बसले. आणि माझ्या तोंडून निघालं, "ताईचं पत्र आलंय. ती म्हणते गाठ असावी. मुंबईला दाखवायला लागेल."

ठरवून बोलले नाही, पण बोलले. चिंधी ह्यांच्या हातातच राहिली. "कॅन्सर?" म्हणाले. मी हो म्हटलं नाही. नाही असंही म्हटलं नाही.

ह्यांनी विशूच्या वहीचं पान फाडलं, त्यावर संमती लिहिली आणि खाली तीनदा सही केली, एक कमी पडली तर म्हणून. मग न्हाणीत जाऊन नळ सोडून रडले. बाहेर ऐकू येत होतं. सासूबाईंनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला, लग्नानंतर पहिल्यांदाच.

मला हवं होतं ते मिळालं ताई, आणि मला त्यांच्याकडे बघवत नाही. मला शिव्या दे, पण परत पाठवू नकोस.

नवसा

मुंबई,
४ मार्च १९७७

नवसे,

शिव्या देतेच. मूर्ख आहेस तू. गाठीचं नाव घेऊन घरात काय आणून ठेवलंस ते तुला माहीत नाही. मी रोज बघते. त्या शब्दानंतर माणसं माणसाकडे आधीसारखी बघत नाहीत.

पण खाट मिळाली आहे, आणि ती सोडली तर पुन्हा कधी मिळेल सांगता येत नाही. चौदा मार्चला दोघं या. रक्ताच्या दोन बाटल्या लागतील. एक मी देईन, एक धोंडीरामांना द्यायला सांग. ऑपरेशन होऊन जाऊ दे, मग मी स्वतः त्यांना समजावून सांगेन. माझ्यावर सोड.

यशोदा

नाशिक,
२ एप्रिल १९७७

आदरणीय यशोदाताई यांसी,
धोंडीरामचा सविनय जयभीम.

मी परवा सुखरूप पोहोचलो. नवसाचे टाके निघाले, जखम कोरडी आहे, एवढे डोळ्यांनी पाहून आलो म्हणून कामावर लक्ष लागते. आपण नसता तर आमचे काय झाले असते, हा विचारही करवत नाही.

ताई, शस्त्रक्रियेच्या दिवशी वऱ्हांड्यात मी आपल्याला विचारले, "कॅन्सरच ना?" आपण माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणालात, "आता काळजी करू नका." तेवढ्यात आपल्याला आत बोलावले. मी काय ते समजलो. नंतर पुन्हा विचारण्याचा धीर झाला नाही.

किती दिवस आहेत ते आपल्याला ठाऊक असेल. मला सांगू नका. पण माझ्या हातात आहे तेवढे मी केले पाहिजे. विशाखाचे आईच्या डोळ्यांदेखत दोनाचे चार हात व्हावेत असे माझ्या आईने सुचविले, स्थळही तिनेच आधी पाहून ठेवले होते, आणि मलाही पटले. नामपूरचे केदारे यांचे चिरंजीव जयराम, वय सव्वीस, ग्रामसेवक, निर्व्यसनी. त्यांची आई काल येऊन मुलगी पाहून गेली. "पोर चांगली शे, आमले पसंत शे," म्हणाली. देणेघेणे काही नाही. येत्या बुद्ध पौर्णिमेस विहारात साधेपणाने उरकायचे ठरले आहे.

विशाखाला नर्स व्हायचे होते हे मला ठाऊक आहे. माझीही तीच इच्छा होती. मुलगी शिकावी म्हणून मी काय काय केले ते आपण पाहिले आहे. पण मी तिला विचारले तर ती एवढेच म्हणाली, "आई असताना होऊ दे."

नवसाला जरा ताकद आली की आपणच हळूच सांगावे.

आपला,
धोंडीराम

मुंबई,
५ एप्रिल १९७७

श्री. धोंडीराम यांस,
सप्रेम जयभीम.

हे पत्र नीट दोनदा वाचा.

नवसाला कॅन्सर नाही. कधीच नव्हता. छातीच्या वजनाने तिची मान, पाठ आणि हात जात होते, म्हणून ते वजन कमी केलं. दोन्ही बाजूंचं मिळून दीड किलोच्या वर निघालं. जे काढलं ते नियमाप्रमाणे तपासायला पाठवलं होतं, त्याचा रिपोर्ट सोबत आहे. त्यात काही निघालेलं नाही. तुम्ही सही देणार नाही म्हणून ती गाठ म्हणाली. मला ते आधीपासून माहीत होतं. वऱ्हांड्यात मी तुम्हाला तिथल्या तिथे सांगायला हवं होतं. कामाच्या घाईत तोंडात बसलेलं वाक्य बोलून गेले. ती चूक माझी, तिची जेवढी आहे तेवढीच माझी.

रागवा, तुम्हाला हक्क आहे. पण लग्न थांबवा. लग्न झालेली मुलगी आमच्या शाळेत घेत नाहीत. नवसा पंधरा तारखेला घरी येईल आणि पुढची चाळीस वर्षं तुमचं डोकं खाईल. विशाखाला तिच्या मरणाची घाई करायचं काही कारण नाही.

यशोदा

नाशिक,
१३ एप्रिल १९७७

आदरणीय ताई,
सविनय जयभीम.

पत्र आपण सांगितल्याप्रमाणे दोनदा वाचले. दुसऱ्यांदा वाचताना अक्षरे दिसेनात.

आपले मन किती मोठे आहे ते मला आज नव्हे, पूर्वीपासून ठाऊक आहे. १९७१ साली आमचे थोरले दादा आपल्याच ओळखीने मुंबईस दाखल होते. त्यांच्या पोटात काय आहे ते आपण मला बाहेर सांगितलेत आणि आत जाऊन त्यांना हसत म्हणालात, "आतड्याला सूज आहे, महिन्यात घरी जाल." दादा शेवटच्या दिवसापर्यंत त्या शब्दावर जगले. त्या वेळी मी आपले पाय धरले होते. आज आपण मला दादांच्या जागी बसवले आहे, हे मला समजते. मी हळवा आहे, मुले लहान आहेत, मी खचलो तर घर बसेल, म्हणून आपण सगळा दोष स्वतःवर घेऊन हे पत्र लिहिलेत.

रिपोर्ट आमच्या हेडक्लार्कना दाखविला. तेही म्हणाले, घरच्यांना दाखवायला असे कागद वेगळे करतात, मन राखण्यासाठी. शिवाय ताई, काही नसताना कोणी एवढे कापील काय?

आपण निर्धास्त असा. नवसासमोर मीही असेच म्हणेन की काही नाही. लग्नपत्रिका छापायला दिल्या आहेत.

आपला,
धोंडीराम

नाशिक,
२२ एप्रिल १९७७

ताई,

तू मला गाडीत बसवताना लग्नाचं सांगितलंस तेव्हापासून मी एकच वाक्य घोकत आले होते. आल्या आल्या दुपारी ह्यांना बसवलं आणि म्हटलं, मला काही नव्हतं. मी खोटं बोलले. सहीसाठी बोलले. पोरीचं लग्न मोडा.

हे ऐकत राहिले. मग माझा हात हातात घेतला. "बरं, नव्हतं. काहीच नव्हतं. तू जिवाला लावून घेऊ नकोस."

मी ओरडले, ताई. तुझी शपथ, धाकट्याची शपथ घातली. जितकी ओरडले तितका ह्यांचा चेहरा मऊ होत गेला. सासूबाई शेजारणीला हळूच म्हणाल्या, "जायच्या वक्ताला मानूस असंच कायबाय बोलतं. माझी सासू बी अशीच करायची." शेवटी दार लावून मी ह्यांना व्रण दाखवले, म्हटलं बघा, डॉक्टरांनी मापात शिवलंय, रोग काढला असता तर असं शिवलं असतं का? ते बघून तर हे ढसाढसा रडले.

खरं बोलायचं म्हणजे आणखी काय करायचं असतं? तू शिकलेली आहेस, तू सांग. खोटं बोलले ते एका दमात पटलं. एक वाक्य, तेसुद्धा अर्धवट. आणि आता खरं सांगायला तोंडाला फेस आला तरी कोणी घेत नाही.

विशूलाही सांगितलं. ती कांदा चिरत होती. म्हणाली, "इंजेक्शन दुखत नाही असंही तू आम्हाला सांगायचीस." मग उठून मला उशी आणून दिली.

रोज बायका येतात. ज्यांची ब्लाउजं द्यायची राहिली आहेत त्याही "असू दे गं, राहू दे" म्हणून कापड परत नेतात. मोसंबी, चिकू, बिस्किटं. माझ्या पायाशी बसतात आणि छताकडे बघतात.

आणि हे लिहायची लाज वाटते, पण तुला नाही लिहायचं तर कोणाला? मान दुखत नाही. सकाळी उठते तर श्वास पार पोटापर्यंत जातो. परवा घरात कोणी नव्हतं तेव्हा मी भिंतीला पाठ लावून सरळ उभी राहिले, नुसती उभी राहिले, पाच मिनिटं. मला आनंद झाला, ताई. बाहेर पोरीच्या लग्नाचं निवडण-टिपण चालू होतं आणि मला आनंद झाला. अशी आई असते का?

तू ये. विशू तुझं ऐकेल.

नवसा

मुंबई,
२६ एप्रिल १९७७

नवसे,

तीस तारखेला निघते. चार दिवसांची रजा मिळाली आहे. घरात आता कोणाशी वाद घालू नकोस, तुझा शब्द आणखी हलका होतो. विशूशी मी बोलते. वेळ पडली तर तिला घेऊन येईन. नाशिकभर बोंब झाली तरी चालेल.

यशोदा

नाशिक,
२० जून १९७७

प्रिय ताई,

लग्नाला दीड महिना झाला. तू गेल्यापासून तुझं पत्र नाही. मीही लिहिलं नव्हतं. काय लिहायचं होतं? विहारात मला पुढे खुर्चीत बसवलं होतं, गळ्यात हार घालायचा तेवढा बाकी होता. जो येई तो आधी मला हात जोडी, मग वधूवरांकडे जाई. भन्तेजींनी मंगलकामना केली ती नव्या जोडप्यासाठी आणि माझ्यासाठी, दोघांची एकदमच.

तू विशूला विहाराच्या मागे घेऊन गेलीस आणि थोड्या वेळाने तोंड पाडून परत आलीस. ती काय म्हणाली ते तू मला सांगितलं नाहीस. ती परवा माहेरपणाला आली तेव्हा मीच विचारलं. तिने सांगितलं.

"मावशी म्हणाली, आत्ता चल, हॉस्टेलवर ठेवते. मी म्हटलं, मावशी, तू खरं बोलत असशील तर माझं शिक्षण जाईल. खोटं बोलत असशील तर आई जाईल, आणि ती जाताना मी नाही म्हणाले होते एवढंच माझ्यापाशी राहील. मी कशावर विश्वास ठेवू ते तूच सांग."

सांगून झाल्यावर ती माझ्याबरोबर काजं करायला बसली.

मशीन सुरू केलं आहे. सुरुवातीला बायका बिचकत होत्या. आता म्हणतात, नवसाबाईच्या हातात पूर्वीपेक्षा सफाई आली.

कपाटातल्या त्या कप्प्यात तुझे कपडे ठेव आता.

नवसा

नाशिक,
१६ नोव्हेंबर १९८०

प्रिय ताई,
सप्रेम जयभीम.

विशू दिवाळीच्या सुट्टीत आली होती, पोरीला घेऊन. नात आठ महिन्यांची झाली, पायावर उभी राहायला बघते. जावई सरळ आहेत. मार नाही, उपासमार नाही, दारू नाही. मला दोष द्यायला कुठे जागाच ठेवलेली नाही. गावात सरकारी नर्स येते, तिची पेटी उचलून विशू तिच्याबरोबर घरोघर हिंडते, आणि सासू ओरडली की परत येऊन चूल पेटवते. हे तिनेच हसत सांगितलं.

तुला आठवतं का, मी घरी आले तेव्हा सगळे दिवस मोजत होते. मग महिने मोजले. मग मोजायचं बंद झालं. हे आता सगळ्यांना अभिमानाने सांगतात, "आमच्या मंडळींनी कॅन्सरला पळवून लावलं." शेजारची भागुबाई तिच्या सुनेला माझ्या पाया पडायला घेऊन आली. साडेतीन वर्षांत मला साधा ताप आला नाही, ताई. ताठ चालते. रोज सकाळी बरी उठते आणि रोज सकाळी भीती वाटते, कारण एक माणूस अजून मोजतं आहे.

निघायच्या आदल्या दिवशी विशू पोरीला पाजत बसली होती. खाली मान घालूनच म्हणाली, "आई, मी आता नर्सबाईंबरोबर दोन कॅन्सरच्या बायका बघितल्या. त्या अशा नसतात. खरं सांग. तुला तेव्हा काहीच नव्हतं ना?"

तीन वर्षं मी या प्रश्नाची वाट बघत होते. खरं काय ते सांगायला तेव्हा किती ओरडले होते मी. आता ती ऐकायला तयार होती. विश्वास ठेवायला तयार होती. फक्त हो म्हणायचं होतं.

मी तिच्याकडे बघितलं. मांडीवर पोर, हातावर चुलीचे चटके, वीस वर्षांचं वय. हो म्हटलं असतं तर तिच्यापाशी काय उरलं असतं? आईने पाठीच्या दुखण्यापायी आपलं आयुष्य दिलं, एवढंच ना?

मी म्हटलं, "होतं गं. फार होतं. तुम्हाला घाबरवायचं नव्हतं म्हणून नाही म्हणत होते."

तिने पोरीला खांद्यावर घेतलं. मग म्हणाली, "मग बरं झालं मी लग्नाला थांबले नाही." आणि रडली, ताई. मला वाटतं तीन वर्षांत पहिल्यांदा मोकळी रडली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत बसले.

आता मला जन्मभर कॅन्सर झालेला आहे. पण तिची खात्री पटलेली नाही. जाताना तुझा पत्ता उतरवून घेतला. ती तुला विचारणार. मी तुला यापूर्वी एकदा खोट्यात ओढलं आहे आणि त्याचं काय झालं ते तुला माहीत आहे. तरी पुन्हा मागते.

तुझी,
नवसा

मुंबई,
२ डिसेंबर १९८०

चि. विशाखा हिस,
सप्रेम जयभीम.

तुझं पत्र मिळालं. तू सरळ विचारलं आहेस, मीही सरळ उत्तर देते.

होय. तुझ्या आईला गाठ होती. डावीकडे, बोराएवढी. मी ऑपरेशनच्या वेळी आत होते आणि मी ती डोळ्यांनी पाहिली. अगदी सुरुवातीला सापडली आणि पूर्ण निघाली म्हणून ती आज तुला धडधाकट दिसते. तू गावात ज्या बायका पाहिल्यास त्यांचं फार उशिरा कळलं असेल. तुझ्या वडिलांना मी तेव्हा काही निघालं नाही म्हणून लिहिलं, आणि विहारामागे तुलाही तेच सांगितलं. ते खोटं होतं. घरच्यांनी धीर सोडू नये म्हणून आम्हाला असं सांगावं लागतं. तू माझ्यावर विश्वास ठेवला नाहीस हे शहाणपणाचं केलंस. उद्या काय होईल ते तेव्हा आमच्या डॉक्टरांनासुद्धा सांगता येत नव्हतं. तुझं लग्न बघायचं म्हणून ती उठून बसली, हे मी स्वतः पाहिलं आहे.

बाळाला ट्रिपल लसीचे तिन्ही डोस झाले का ते कळव. राहिला असेल तर नर्सबाईंना सांग, त्यांच्याकडे असतो.

आणि आईला हे पुन्हा विचारू नकोस.

तुझी मावशी,
यशोदा